घारकडा आणि ओला नाडा

माझी नात दर रविवारी कडे चढायला जाते. तळवड्याच्या कंपनीत पाच दिवस खुर्चीत बसते, शनिवारी दुपारपर्यंत झोपते आणि रविवारी पहाटे उठून दगडाला लोंबकळायला निघते. मागच्या आठवड्यात तिने आपला दोर धुतला आणि संत तुकाराम नगरच्या आमच्या घरात, गॅलरीच्या सावलीतल्या कोपऱ्यात मोकळा करून पसरला. निळा दोर, मधूनमधून तांबडे ठिपके. मी जवळ जाऊन बसले, त्याचं एक टोक हातात घेतलं आणि सवयीने नाकाशी नेलं.

"आजी, दोर कोण हुंगतं?" ती हसायला लागली.

"आम्ही हुंगायचो. ह्याला वास कसा नाही?"

"नायलॉनला कसला वास? आणि ओला आहे तो, ठेव खाली. पूर्ण वाळल्याशिवाय न्यायचा नसतो. ओल्या दोराचा भरवसा नाही."

मी टोक खाली ठेवलं. आमच्याकडे बरोबर उलटं होतं. आमचा दोर ओला असेपर्यंतच भरवशाचा. हे मला चौदाव्या वर्षी कळलं, पण त्याचे चटके बसले दुसरीलाच. त्या दिवसापासून मी नीट झोपलेले नाही, असं म्हणणार होते, पण ते खोटं आहे. मी छान झोपले, लग्न केलं, मुलं वाढवली, नातवंडांचे लाड केले. माणूस कशावरही झोपू शकतो.

अंबाडीच्या वाखाला, म्हणजे धाग्याला, वास असतो. कोरडा असताना गवताचा, आणि विहिरीतून ओला वर आला की शेवाळाचा, चामड्याचा, बैलांच्या घामाचा. नाडा म्हणजे मोटेचा जाड दोर. त्याच्या एका टोकाला चामड्याची मोट, दुसऱ्या टोकाला बैल आणि मधे विहिरीच्या काठावर लाकडी चाक. ते चाक कुरकुरायचं. पहाटे अंथरुणात पडल्या पडल्या मला त्या आवाजावरून कळायचं, मोट भरून येते आहे की अर्धीच. उन्हाळा चढत जाई तसं पाणी खाली जाई आणि दोन कुरकुरींमधली शांतता लांबत जाई. माझे वडील, त्यांना आम्ही दादा म्हणायचो, बैलांबरोबर धावेच्या उतारावरून जाताना गाणं म्हणायचे. गाणं मधेच तुटलं की समजायचं, काहीतरी बिनसलं.

दादांनी मला गाठी शिकवल्या. भाऊ अजून लहान होता आणि मी सारखी विहिरीवर घुटमळायचे, म्हणून असेल. "आधी भिजव," ते सांगायचे. "वाख पानी प्याला की फुगतो. मग आवळ. दाबून बसती गाठ, मग बैलाच्या बापाला सुटायची न्हाई." बारा-तेरा वर्षांची असताना मी बाप्यामाणसांसारखी गाठ मारायचे, आणि दादा ते येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकाने सांगायचे. तोच माझा तोरा. शेजारची इंदू शाळेत पहिली यायची, हुसेनचाचांची जैबू कुठल्याही झाडावर चढायची, आणि मी गाठी मारायचे. आम्हा तिघींची वाटणी अशी ठरलेली होती आणि कुणी कुणाच्या हद्दीत शिरत नव्हतं.

आमचं गाव तळवड्याच्या पलीकडे, चाकणच्या वाटेवर. स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली असतील. पिंपरीच्या माळावर औषधाचा कारखाना उभा राहत होता, आणि आमच्या गावचे दोघेजण तिथे मातीकामाला जायचे. ते रात्री पारावर बसून दाराएवढ्या खिडक्या आणि ताडाएवढे खांब असल्या गप्पा मारायचे. आम्हाला ते खोटं वाटायचं. आमच्या लेखी चाकणचा कांद्याचा बाजार ही जगातली सगळ्यात मोठी जागा होती. उन्हाळी कांदा निघाला की चैत्र-वैशाखात सगळ्या गावाला त्याचा वास यायचा. पाचोळ्याला, बायकांच्या लुगड्यांना, गाडीच्या जुवालासुद्धा. गुलाबी पापुद्रे वाऱ्याबरोबर घराघरात शिरायचे आणि आई झाडता झाडता कावायची.

हुसेनचाचा बागवान. गावोगावचा कांदा आणि आंबा घेऊन ते बैलगाडीने चाकणला न्यायचे. दादांचा कांदा त्यांच्याकडेच जायचा. त्यांच्या घरात आंब्याची अढी घातलेली असायची, आणि जैबूच्या केसांना वैशाखात पेंढ्याचा आणि पिकल्या आंब्याचा वास यायचा. ती आमच्यात सगळ्यात हुकमी. बोलायची तेव्हा समोरच्याचं मनगट धरायची, म्हणजे तो पळू नये. ईदेला त्यांच्याकडून शीरखुर्म्याची झाकलेली वाटी यायची आणि दिवाळीला आमच्याकडून करंज्या जायच्या. त्याचं कुणाला काही विशेष वाटायचं नाही.

त्या वर्षी इंदूचं लग्न ठरलं. ती पंधरा वर्षांची होती. सासर मावळात, नदीच्या पलीकडे कुठेतरी. मुलीने लग्नाआधी सासरची शीव बघू नये असा दंडक होता, त्यामुळे तिने गाव पाहिलेलं नव्हतं. ते किती लांब आहे एवढंच तिला हवं होतं. तिची आई म्हणाली, "हे काय, हितंच तर हाय." आत्या म्हणाली, चार कोस. बोलणी करायला गेलेला तिचा भाऊ म्हणाला, पहाटे गाडी जुंपली तर दिवस मावळायच्या आत पोचतो. गणितात पहिली येणारी पोर, तिला तीन माणसांची तीन उत्तरं सहन होईनात. ती जेवेना. वेणी घालून घेईना.

"घारकड्यावरनं समदं दिसतं," एक दिवस जैबू म्हणाली. "गुराखी पोरं म्हणत्यात, तिथनं पार लोणावळ्याचे डोंगर दिसत्यात."

घारकडा म्हणजे गावामागच्या डोंगराच्या माथ्याजवळचा काळा उभा दगड. तीन माणसं एकावर एक उभी राहतील एवढा उंच, आणि त्याच्या डोक्यावर घोंगडीएवढी सपाट जागा. तिथे खाचेतून एक उंबर वाढलेला. मुलं तिथे चढायची आणि नंतर आठ दिवस छाती काढून फिरायची. मुली कधी चढल्या नव्हत्या. इंदूने आमच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "मला एकदा बघायचंय. मग मी कुटं बी जाईन."

एकदा हळद लागली की नवरीने शिवेबाहेर पाऊल टाकायचं नाही. म्हणून हळदीच्या आदल्या आठवड्यातच जायचं ठरलं. घरी सांगितलं, करवंदं आणायला जातो. मी गोठ्यातला जुना नाडा काढला, तो पहाटे विहिरीच्या थारोळ्यात, मोटेचं पाणी पडतं त्या कुंडात, बुडवून ठेवला, आणि उजाडायच्या आत ओलाचिंब नाडा खांद्यावर घेऊन निघाले. माझी पाठ भिजली होती आणि वैशाखातल्या त्या पहाटे ते फार बरं वाटलं होतं.

रमजान चालू होता आणि जैबूचा रोजा होता. तिने त्या वर्षी पहिल्यांदाच सगळे धरायचे ठरवले होते, आणि रोज सकाळी आम्हाला आकडा सांगायची. "आज बारावा," ती डोंगर चढताना म्हणाली. मी म्हटलं, "मग आज नको चढायला." ती म्हणाली, "व्हय का? आन तुमा दोघींना वर कोन चढवनार, तुजा आजा?"

कड्याच्या पायथ्याशी आलो तेव्हा ऊन नुकतंच दगडावर उतरत होतं. आम्ही लुगड्यांचे काष्टे कसले, तळहातांना चुलीतली राख चोळली. जैबूने नाड्याचं टोक कमरेला गुंडाळलं आणि दगडाला गाल घासत घासत वर गेली. तिचे पाय खाचा शोधत नव्हते, ते सरळ तिथे जाऊन टेकायचे. वर जाऊन तिने उंबराला नुसता वेढा देऊन नाडा धरला, कारण गाठ मारायचा मान माझा. नाडा धरून मी चढले. चढले म्हणजे काय, अर्धी जैबूने ओढून घेतली. वर पोचल्यावर मात्र मी तिला बाजूला सारलं. तुंब्यातलं ओंजळभर पाणी नाड्यावर शिंपडलं, उंबराच्या बुंध्याला गाठ मारली, पाय लावून आवळली. पाणी दाबून बाहेर आलं. जैबूने ओढून पाहिलं आणि मान हलवली. तिची ती कबुली मिळाली की मला दिवसभर पुरायचं.

मग इंदू आली. डोळे मिटून, तोंडाने देवाचं नाव घेत, पण आली.

वरून खरंच सगळं दिसत होतं. इंद्रायणी आटून वाळूची पांढरी रेघ झाली होती. चाकणच्या किल्ल्याचे बुरूज, बाजूला कांद्याचे गुलाबी ढीग. दक्षिणेला आगगाडीचा धूर, आणि पिंपरीच्या माळावर उन्हात चमकणारं काहीतरी पांढरं, चौकोनी. खिडक्या खरंच मोठ्या होत्या. फक्त पश्चिमेला, जिकडे इंदूला बघायचं होतं, तिकडे धुरकट झालं होतं. डोंगर गवत जाळून काळे झालेले आणि त्यांच्यापुढे नुसता धुरळा.

"थांबू," इंदू म्हणाली. "वारं सुटलं की दिसंल."

आम्ही थांबलो. भाकरी, कांदा, कैरीच्या फोडी आणि तिखटमीठ आणलं होतं. जैबू पाठ करून बसली आणि म्हणाली, "तिकडं तोंड करून खावा गं. कैरीचा वास येतुया." आम्ही तिकडे तोंड करून खाल्लं, तरी ती मधूनमधून ओरडायची, "आवाज करू नगा." दगड तापत गेला. आधी बसायला ऊबदार, मग पायाखाली लुगड्याचा पदर घ्यावा लागला. उंबराची फळं फुटून पडलेली, त्यांच्यावर मुंग्या. घार आमच्या डोक्यावर नव्हे, आमच्या खाली फिरत होती. पक्ष्याची पाठ मी त्याआधी कधी पाहिली नव्हती.

ऊन डोक्यावर आलं. नाडा उंबरापासून कड्याच्या तोंडापर्यंत उघड्या दगडावर पडला होता. तो काळपट होता, तो हळूहळू पांढुरका झाला. मी ते बघत होते. बघितलं आणि मनात काहीही आलं नाही. मोटेवर नाडा कधी वाळतच नाही. जे विहिरीवर कधी घडत नाही ते दादांनी मला कशाला शिकवलं असतं?

शेवटी वारं सुटलं. धुरळा जरा सरकला आणि इंदू उठून उभी राहिली. लांब, अगदी लांब, आंब्यांची दाट राई, तिच्यात एक पांढरा ठिपका, देऊळ असावं. ती कितीतरी वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "ते."

"कशावरनं?" जैबूने विचारलं. "कुठलं बी आसंल."

"आसू दे. मी तेच धरलंय." तिने पदराने डोळे पुसले. "लई लांब न्हाई. चला."

आधी जैबू उतरली. तिला नाड्याची गरज नव्हती, तिने नुसता नावाला हात लावला. मग इंदू. ती नाड्याला भार देऊन, मागे झुकून, एकेक पाय सोडत होती. मी उंबराजवळ होते आणि माझ्या डोळ्यांदेखत गाठ सैल पडली. आवाज नाही, झटका नाही. वाख वाळून बारीक झाला होता आणि मी आवळलेल्या वेढ्यांमधून टोक असं सरकत गेलं की जणू कुणी लुगड्याचा ओचा सोडला. मी झेप घेतली तेव्हा माझ्या हातात काही नव्हतं.

इंदू दीड माणूस उंचीवरून पडली. खाली जैबू हात पसरून उभी होती. तिने तिला झेललं म्हणता येणार नाही, ती तिच्याखाली आली. इंदूचं डावं मनगट दगडावर आपटून मोडलं आणि जैबूची हनुवटी फुटली. नाडा त्यांच्या अंगावर जाऊन पडला.

मी वर एकटी. खाली बघायचे आणि परत उंबराला मिठी मारायचे. मी रडायला लागले, मोठ्याने. इंदू खाली हात पोटाशी धरून कण्हत होती, आणि तिच्यापेक्षा मोठ्याने मी रडत होते, ह्याची मला आजही लाज वाटते. जैबूने इंदूला सावलीत बसवलं, हनुवटीला पदर बांधला आणि ती परत वर चढून आली. तिच्या ओठांना पांढरी कड आली होती. माझ्याजवळ आली, उंबराकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"गाठ मारलीस का रांगुळी काढलीस?" ती म्हणाली.

मग ती माझ्याखालून उतरत गेली आणि माझी पावलं हातात धरून एकेका खाचेत ठेवत गेली. "हितं. आता हितं. डोळं उघड, मेलीस तर मी काय सांगू तुज्या आयला." तुंब्यात पाणी होतं. तिने ते इंदूला पाजलं, चूळ भरून रक्त थुंकलं, पण घोट घेतला नाही. मी बघत होते.

आम्ही ठरवलं होतं, करवंदीच्या जाळीवरून घसरलो असं सांगायचं. पण इंदूला चालवेना. एका गुराख्याने तिला पाठुंगळी घेऊन घरी आणलं आणि शहाणपणाने नाडाही खांद्यावर टाकून आणला. त्यामुळे खोटं पहिल्याच पायरीवर उघडं पडलं.

संध्याकाळी दादांनी मला विहिरीवर नेलं. नाडा हातात घेतला, टोक चाचपलं. दादांना टोक चाचपून सगळं कळायचं. ते रागावलेले नव्हते. त्यांनी शांतपणे विचारलं, "गाठ कुनी मारली व्हती?"

आणि मी म्हटलं, "जैबूनं."

एवढंच. तो शब्द तोंडातून गेला तेव्हा दादांचा चेहरा मोकळा झाला. त्यांच्या पोरीची गाठ सुटलेली नव्हती. मी तो मोकळा झालेला चेहरा पाहिला आणि मग मला तो शब्द परत घेता आला नाही. मला त्यांचा मार नको होता असं मी पुढे कितीतरी वर्षं स्वतःला सांगत आले. मार त्यांनी दिलाच नसता. मला माझा तोरा हवा होता.

पुढचं मी थोडक्यात सांगते, कारण लांबवावं असं त्यात काही नाही. हाडवैद्याने इंदूच्या मनगटाला बांबूच्या कामट्या बांधल्या. लग्न ठरल्या दिवशी झालं, पण हिरवा चुडा एकाच हातात भरता आला. कासाराने दुसऱ्या हाताच्या बांगड्या कागदात गुंडाळून दिल्या. मांडवात बायका त्या रिकाम्या हाताकडे बघून कुजबुजल्या, आणि कुजबुजीला नाव लागतं, ते मी आधीच पुरवलेलं होतं. बागवानाच्या पोरीने नेलं, तिनेच गाठ मारली, त्यांच्या पोरी अशाच. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, तशातला प्रकार. फाळणीला फार वर्षं झाली नव्हती. आमच्या गावात तोवर कुणी 'त्यांच्या' असं म्हणत नव्हतं, निदान मी ऐकलं नव्हतं. दादा हुसेनचाचांच्या घरी जाऊन बोलून आले. काय बोलले ते मला माहीत नाही. त्या वर्षी कांदा दुसऱ्याच्या गाडीत चढला. ईदेला वाटी आली नाही. जैबूची शाळा सुटली.

इंदूचं नंतर कार्ड आलं, तिच्या त्या नेटक्या अक्षरात. खुशाली, सासूबाईंचा पाय, आणि शेवटी दोन ओळी: आपण धरलं होतं ते हे गाव नव्हेच. हे डोंगराच्या आड आहे, कड्यावरून दिसलंच नसतं. पण नवरा बरा आहे. मी ते कार्ड वाचून हसले आणि मग चुलीपुढे बसून रडले. इंदूने संसार नीट केला. मनगट थोडं वाकडं राहिलं. चार-पाच वर्षांपूर्वी ती गेली, आणि त्या दिवसाची हकीगत माहीत असलेल्या आम्ही दोघीच उरलो.

मी पुढे लग्न होऊन पिंपरीला आले. त्याच मोठ्या खिडक्यांच्या दिशेने यांची सायकल रोज शिफ्टला जायची. भोंग्यावर आमचं जेवणखाण चालायचं. विहिरींवर इंजिनं बसली आणि नाडे गोठ्यात कुजून गेले. गावाकडची जमीन गेली, तिच्यावर शेड आल्या. जैबू चाकणला दिली होती. तिचा मुलगा टेम्पो दुरुस्त करतो, गॅरेज कुठल्या चौकात आहे, घर कुठल्या गल्लीत आहे, हे सगळं मला ठाऊक होतं. बाजारातून येणाऱ्या माणसांना मी आडून आडून विचारायचे. पिंपरी ते चाकण अंतर केवढं? इतकी वर्षं मला ते कापता आलं नाही.

परवाच्या रविवारी मी नातीला म्हटलं, मला घारकड्यावर घेऊन चल. तिला वाटलं मी थट्टा करते. पण नेलं. गाडी निम्म्या डोंगरापर्यंत जाते आता. कड्यात लोखंडी कड्या ठोकल्या आहेत, डोक्यावर टोप घातलेली पोरं-पोरी रंगीत दोरांवर हसतखिदळत वरखाली करत होती. एक पोरगी खालून ओरडून वरच्याला विचारायची, दोर ताणून घेतलास का? तो ओरडायचा, घेतला, आणि तेव्हाच ती पाऊल उचलायची. प्रत्येक वेळी विचारायचं आणि प्रत्येक वेळी उत्तर द्यायचं, अशी त्यांची रीत आहे. मी ते बराच वेळ ऐकलं. ऊन तेच होतं. दगडावर तळहात ठेवला तर चटका तोच बसला.

"चाकणला घे," मी म्हटलं.

"आता? आजी, बारा वाजलेत. ट्रकांची रांग असेल."

"असू दे."

रांग होतीच. कंपन्यांच्या बसगाड्या, ट्रेलर, त्यांच्यामधून कांद्याची पोती. काच खाली केली तेव्हा तो वास आला. मी घाबरले होते. ऐंशी ओलांडलेल्या बाईने घाबरावं असं काय उरलेलं असतं, पण मी घाबरले होते.

दार सुनेने उघडलं. जैबू आत पलंगावर बसली होती, समोर मेथीची जुडी निवडत. आकसून लहान झालेली, चष्म्याच्या जाड काचा, हनुवटीवर आडवी पांढरी रेघ. तिने माझ्याकडे पाहिलं, मेथी बाजूला केली आणि माझं नाव घेतलं, लहानपणचं, जे आता कुणी घेत नाही. मग म्हणाली, "बस. पानी पी. लई ऊन हाय."

मी पाणी प्यायले नाही. उशीर केला तर हिंमत जाईल असं वाटलं. नात तिथेच होती, सून होती, तरी मी बोलले. म्हटलं, "जैबू, गाठ मी मारली होती. दादांना तुझं नाव मी सांगितलं. सगळं गाव तुला बोललं, तुझी शाळा गेली. ते माझ्यामुळे."

जैबूने चष्मा काढला, पदराने पुसला.

"आगं, गाठ तू मारलीस हे मला काय सांगतीस? मी तिथंच व्हते की. आन नाव तू सांगितलंस हे बी म्हाईत हाय. तुजे दादा आमच्या अब्बाला म्हनले, पोरगी खोटं बोलनार न्हाई माझी." तिने चष्मा परत लावला. "शाळेचं लई लागलं. ते खोटं न्हाई सांगत. पन ते तुज्या एकटीमुळं न्हाई, आमच्या घरात सोडायचीच व्हती, त्यास्नी निमित्त झालं."

तिने मेथीची एक काडी उचलून मोडली.

"राग आलता," ती म्हणाली. "लई. मी समदं पाठ करून ठेवलं व्हतं. तू आलीस की काय काय बोलायचं, कुटनं सुरू करायचं, कवा झिंज्या धरायच्या. रोज दारात बसायची. म्हनलं येईल, भांडू, रडू, मग मिटंल. तू आमच्या दारावरनं जायचंच सोडलंस. मागच्या वाटंनं, काट्याकुट्यातनं जायचीस शाळंला. मी बघत व्हते छपरावरनं. ते न्हाई मला इसरता आलं. भांडायला बी आली न्हाईस तू."

बाहेर गॅरेजमध्ये कुणीतरी पत्र्यावर हातोडा मारत होतं. ह्या बाईला मी वर्षानुवर्षं चुकवलं ते तिच्या रागाला भिऊन. आणि तिचा राग माझी वाट बघत दारात बसला होता.

"अजून आठवतं का?" मी विचारलं. "पाठ केलेलं?"

"न आठवायला काय झालं?"

"मग बोल."

तिने माझ्याकडे नीट पाहिलं, खरंच म्हणते आहे का हे बघायला. मी नातीला म्हटलं, "तू जा. मला वेळ लागेल. संध्याकाळी ये, नाहीतर उद्याच ये." जैबूने पाय वर घेऊन मांडी घातली, पुढे वाकली, माझं मनगट घट्ट धरलं आणि पहिल्यापासून सुरुवात केली.